‘येतो’ला सूट

या, असे पुढे सरका. मागच्यांनी खांबाला टेकून बसलं तरी चालेल, पण कान इकडे द्या. बुक्का लावून झाला, देवाचं नाव घेऊन झालं, आता एक गोष्ट सांगतो. गोष्ट तशी अजून घडायची आहे. आज पाळण्यात असलेली पोरं नोकरीला लागतील, त्या सुमाराला घडेल. पण मी ती घडून गेल्यासारखी सांगणार. कीर्तनात काळ असाच मागेपुढे होतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. गोष्ट सीमेजवळच्या एका नाक्याची, त्या नाक्यावर बसवलेल्या एका यंत्राची, आणि बापाला अडवावं की जाऊ द्यावं हे न उमगलेल्या एका लेकीची.

नेपाळच्या सीमेच्या अलीकडे अकरा किलोमीटरांवर कटहरगंज नावाचं गाव होतं. उसाची शेतं, आंब्याच्या बागा, एक लांबलचक बाजार, आणि त्या बाजाराच्या गल्लीत चाळीसेक मराठी घरं. तुम्ही म्हणाल, तराईत मराठी माणसांचं काय काम? तर ती सोनं गाळायची; गलाईवाले म्हणतात त्यांना. खानापूर-आटपाडीकडच्या कोरड्या माळावरून यांचे पणजे निघाले आणि देशात जिथे जिथे सराफ कट्टा दिसला तिथे तिथे भट्टी मांडून बसले. जुने दागिने मुशीत घालायचे, आटवायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि ज्याचं त्याला परत द्यायचे. बाहेर भोजपुरी, घरात माणदेशी. गल्लीच्या टोकाला त्यांनी पत्र्याचं छप्पर घालून विठोबाचं देऊळ बांधलं होतं, आणि एकादशीला तिथे कीर्तन व्हायचं.

धोंडीराम निकम त्यातलेच एक. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पन्नास वर्षं भट्टीपुढे बसलेला माणूस. सोन्याचा रंग बघून कस सांगायचा, आणि एकादशीला टाळ घेऊन उभा राहिला की बुवाला पखवाजाची गरज वाटू नये असा ठेका. पण पंचाहत्तरीच्या आसपास आप्पांचे हात थरथरू लागले. आधी मूस डुचमळली, मग अक्षर हललं, आणि एका एकादशीला टाळ चुकला. आप्पांनीच टाळ काढून खिशात घातला आणि पुढचं कीर्तन हात जोडून ऐकलं.

त्यांची लेक वैजयंता, सगळ्यांची वैजू, गावाबाहेरच्या तपासणी नाक्यावर नोकरीला होती. वय छत्तीस. लग्न एकदा झालं होतं आणि मोडलं होतं. त्याबद्दल ती बोलत नसे, म्हणून आपणही नको. आई वर्षभरापूर्वी गेली. तेराव्याला पाहुणे उठल्यावर आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले होते, “आता तुला हितं बांधून ठेवणारा मी एकलाच उरलो.” वैजूला पुण्याहून बोलावणं होतं, एकदा नाही, तीनदा. नाक्यावरचं ते यंत्र ज्या संस्थेनं घडवलं, तिथे यंत्रांना भाषा शिकवायचं काम. तिन्ही वेळा तिनं कळवलं की वडील एकटे आहेत, जमणार नाही. तिन्ही पत्रं आप्पांनी पाहिली होती.

तेव्हापासून त्या घरात एक मुकं भांडण सुरू झालं. वैजूला आप्पांच्या ट्रंकेत एक गाठोडं सापडलं. दोन धोतरं, घोंगडी, औषधाच्या गोळ्या आणि टाळ. तिनं ते सोडलं, धोतरं घडी करून फळीवर ठेवली, टाळ खुंटीला अडकवला आणि भाजी चिरायला बसली. पंधरा दिवसांनी बघते तर गाठोडं पुन्हा बांधलेलं. तिनं पुन्हा सोडलं. असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी तर तिनं त्यातल्या धोतराला इस्त्री करून ठेवली. दोघं ताटाला ताट लावून जेवत, ऊस-पाण्याच्या गप्पा मारत, आणि गाठोड्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

तिला एकच धास्ती होती, की एक दिवस आप्पा निघून जातील आणि आपल्याला कळणारही नाही. आणि एकच दिलासा होता. कटहरगंजातून सीमेकडे जायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर ती स्वतः बसलेली होती. तिच्या खिडकीला कान होता.

आता तो कान काय होता, ते सांगतो. विज्ञानाचं आहे, पण अवघड नाही.

माणूस बोलतो तेव्हा शब्द तोंडातून निघण्याआधी अर्धा सेकंद डोक्यात तयार होतो. तिथून गळ्याच्या बारीक स्नायूंना हुकूम सुटतो, ते ताणतात, आणि आवाज फुटतो. मनात एकच गोष्ट असेल तर हुकूमही एकच सुटतो आणि आवाज तारेसारखा सरळ येतो. पण मनात दुसरं काही आधीच उभं असेल, आणि ते मागे ढकलून आपण वेगळं बोललो, तर त्या ढकलाढकलीचा एक कंप आवाजावर उमटतो. सेकंदाला आठ-दहा हेलकावे. आपल्या कानाला ते ऐकू येत नाहीत. पण चांगले मायक्रोफोन आणि गळ्याच्या कातडीची हालचाल लांबूनच टिपणारं छोटं रडार एकत्र जोडलं, तर तो कंप मोजता येतो. त्याला शास्त्रज्ञांनी नाव दिलं होतं द्विधामापक. आमच्या गलाईवाल्यांनी बारसं केलं कानोबा.

ध्यानात घ्या, कानोबा खोटं पकडत नव्हता. तो दुजेपण पकडत होता. अहो, अद्वैत साधायला ऋषिमुनींचे जन्म गेले, आणि इथे रस्त्याच्या कडेला, खिडकीलगतच्या खांबावर द्वैत मोजणारं भांडं टांगलेलं. गाडी थांबायची, एकेकानं त्या भांड्यासमोर वाकून सांगायचं की कुठे निघालात, कशाला, कधी परतणार. आपापल्या बोलीत सांगायची मुभा होती. हिरवा दिवा लागला तर पुढे. पिवळा लागला तर गाडी बाजूला, आणि मग डिकी, गाद्या, टायर, सगळं उलटंपालटं.

खात्यानं तो बसवला सोन्याची तस्करी, गांजा आणि मुलींची पळवापळव रोखायला. झालं काय, की तस्कर शहाणे झाले. त्यांनी गाडीत काय भरलंय हे ड्रायव्हरलाच सांगायचं बंद केलं. ज्याला माहीतच नाही त्याच्या मनात दुसरं काय असणार? हिरवा. पट्टीचा लबाड बोलला की त्याच्या मनात ती लबाडीच तेवढी असायची. हिरवा. आणि पिवळा कुणाला लागायचा? सासरी निघालेल्या नव्या नवरीला. आजारी भावाला बघायला जाताना घरी ताप भरलेलं लेकरू सोडून आलेल्या बाईला. नको असलेल्या नोकरीवर रुजू होणाऱ्याला. रामसूरत यादव नावाचे नाक्यावरचे जुने हवालदार म्हणायचे, की तीन वर्षं आम्ही फक्त चांगल्या माणसांच्या पिशव्या उचकल्या.

पण तेच रामसूरत नाका काढायचं नाव काढलं की भडकायचे. कारण एकदा, अगदी एकदाच, चौदा वर्षांची एक मुलगी जीपमधून चालली होती. मामाच्या लग्नाला, असं हसून म्हणाली. रामसूरतना खरं वाटलं, वैजूला खरं वाटलं, आणि कानोबानं पिवळा लावला. बाजूला घेऊन पाणी दिल्यावर पोरगी जी रडली, ती तिच्या गावी पोचेपर्यंत थांबली नाही. मामा तिचा नव्हताच. रामसूरत एक बोट वर करून म्हणत, एक तो मिली थी ना, बिटिया.

आता या कानोबाची आणि आपल्या मराठी माणसांची पहिल्याच आठवड्यात जुंपली. भानुदास काका साळुंखे चांदी घेऊन पलीकडे निघाले. यंत्रानं विचारलं, कुठे निघालात. काका सवयीनं म्हणाले, “जरा बुटवलला जाऊन... येतो.” पिवळा. कंपाबरोबर यंत्र शब्दांचा अर्थही ताडून बघायचं; गाडी जाते तिकडे आणि माणूस म्हणतो येतो, म्हणजे काहीतरी काळंबेरं. चांदी उतरवली, मोजली, परत भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काका चिडून म्हणाले, थांब, आता याच्या मनासारखं ‘जातो’च म्हणतो, आणि तोंड उघडणार तोच मागच्या सीटवरून काकूंनी हात पुढे घालून त्यांच्या तोंडावर ठेवला. नाक्यावरचे बिहारी शिपाई बघतच राहिले. काकू वैजूला म्हणाल्या, तपासा हवं तेवढं, आमची घाई न्हाई, पण हा शब्द मी सवाशीण असेस्तोवर गाडीत निघायचा न्हाई.

आपल्याला हे सांगायला लागत नाही. आपल्यात घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. जातो म्हणणं म्हणजे गेलो म्हणण्यासारखं. आपण येतो म्हणतो, आणि उंबऱ्यातलं माणूस ‘या’ म्हणतं. पण हे यंत्राला कोण सांगणार? वैजूनं सांगितलं. यंत्र बसवायला पुण्याहून चिन्मय सोवनी नावाचे इंजिनिअर आले होते. त्यांनी ऐकलं, कपाळाला हात लावला, म्हणाले की माझी आईसुद्धा मला ‘ये’ म्हणूनच घरातून काढते आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि यंत्राच्या पोटात एक ओळ लिहून गेले. निघताना मराठीत कुणी ‘येतो’ किंवा ‘येते’ म्हटलं, तर तो शिष्टाचार धरावा आणि दिवा हिरवाच लावावा. नमस्काराला कुणी खरा की खोटा विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. वैजूला ते फार पटलं. गल्लीत पेढे वाटले गेले.

तिच्या खिडकीला कान होता खरा. त्याला बोळा तिनंच घातला होता.

तीन वर्षांनी सोवनी पुन्हा आले, ते एका गुरुवारी. वरून विचारणा झाली होती, की सीमेजवळचे असले नाके ठेवण्यात काही अर्थ आहे का. गाड्या खोळंबतात, माणसं गुंततात, हाती किती लागतं? सोवनींनी प्रत्येक नाक्यावर जाऊन बघायचं आणि तिथल्या माणसांना विचारायचं होतं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या जीपला आप्पा होते. त्यात नवल नव्हतं. दर गुरुवारी ते सीमेपलीकडच्या वैद्याकडून हाताला चोळायचं तेल आणायचे आणि दुपारच्या जीपनं परतायचे. काखेत पिशवी होती, तीही नेहमीचीच. खिडकीशी वाकले, कानोबाच्या भांड्यात म्हणाले, “तेल आणाय चाललोय. येतो.” हिरवा लागला. वैजू आतून म्हणाली, “या.” आप्पा क्षणभर तिथेच वाकून राहिले. मागचा माणूस खाकरला तसे सरकले.

मग सोवनी खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं ते वैजूनं सांगितलं, नव्या नवरीचं, लेकरू सोडून आलेल्या आईचं, त्या मुलीचं. नाका ठेवावा का, यावर ती म्हणाली ठेवावा. का, हे मात्र तिला नीट सांगता येईना. सोवनींनी वही मिटली आणि सहज म्हणून विचारलं, की तुम्ही पुण्याला का येत नाही. वैजू म्हणाली, वडिलांमुळे. रामसूरत खिडकीपाशी पान लावत बसले होते. खिडकीलगतच्या कानोबाचं बटण चालूच राहिलं होतं. ते हळूच म्हणाले, “बिटिया, बत्ती देखो.”

दिवा पिवळा होता.

वैजूचे कान तापले. सोवनी भला माणूस, त्यानं खिडकीबाहेरच्या आंब्याचा मोहोर बघितला आणि पाण्याचा पेला भरून आणला. पण तिच्या मनात ते कुसळ रुतलं. आप्पांमुळे जाता येत नाही, हे वाक्य ती वर्षभर लोकांना सांगत होती, स्वतःलाही सांगत होती. त्याच्या पाठीमागे दुसरं काय उभं होतं?

विचार करायला सवड मिळाली नाही. सोवनी म्हणाले की एक तपासायचंय, तुमच्या त्या ‘येतो’च्या सवलतीचं. दिवा हिरवा लागत असला तरी यंत्र आतल्या आत मोजत असतंच, सगळं साठतं. तुमच्या ‘येतो’चा आडोसा घेऊन कुणी तस्कर निसटले का, ते बघू. त्यांनी पडद्यावर तीन वर्षांचे सगळे ‘येतो’ काढले. हजारो बारीक ठिपके. आणि काय दिसावं? सगळे ठिपके तळाला, एका रेषेत. कंप जवळजवळ नाहीच. भानुदास काका, काकू, बाजाराला जाणारे, लग्नाला जाणारे, जो जो येतो म्हणाला, त्याच्या मनात परत येण्यावाचून दुसरं काही नव्हतंच. सोवनी हळवे होऊन म्हणाले, हा शिष्टाचार नाहीच हो, हे सगळे खरंच येणार होते.

मग त्यांनी पडदा सरकवत आजपर्यंत आणला. शेवटचा ठिपका सगळ्यांच्या कितीतरी वर, एकटा, पडद्याच्या कडेला टेकलेला. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं.

वैजूनं घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी होती. सोवनींनाही समजलं. ते म्हणाले, सीमेच्या कमानीवर आपलीच माणसं आहेत, एक फोन केला तर थांबवून ठेवतील. तिनं फोन हातात घेतला. नंबर फिरवायला लागली आणि तिला दिसलं, कमानीखालचं ते लाकडी बाक, बाकावर आप्पा, शेजारी बंदूकवाला शिपाई, आणि समोर त्यांचं गाठोडं उचकणारं कुणीतरी. तिनं फोन खाली ठेवला. रामसूरतनी काही न विचारता आपल्या मोटरसायकलची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाले की ब्रेक जरा ढिला आहे, सांभाळून.

अकरा किलोमीटर. दोन्ही बाजूंना ऊस. वाटेत ती देवाशी भांडली. म्हणाली, विठ्ठला, माझ्या माणसांवर भरवसा ठेवला ही चूक झाली का?

आप्पा पलीकडे गेलेलेच नव्हते. कमानीच्या अलीकडे शिसमाच्या झाडाखाली चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसले होते. मांडीवर पिशवीतून काढलेलं गाठोडं. चहावाला त्यांना अर्धा ग्लास चहा द्यायचा, तो संपला की उरलेला अर्धा ओतायचा, म्हणजे हात हलला तरी सांडू नये. वैजू मोटरसायकल लावून समोर उभी राहिली. आप्पा जरा सरकले आणि त्यांनी बाकावरची धूळ उपरण्यानं झटकली.

“बस. च्या घेणार?”

ती बसली. मग आप्पांनी विचारलं, कानोबानं सांगितलं व्हय.

“कानोबानं लपवलं. मीच शिकवलं होतं त्याला लपवायला.”

आप्पांनी मान हलवली. म्हणाले, तासभर हितंच बसलोय. पाय उचलत न्हाई. सकाळी तुझ्या तोंडावर जे बोललो ते डाचतंय. पन्नास वर्षांत कुणाच्या सोन्यात खोट घातली न्हाई, आणि पोटच्या पोरीला खोट घातलेला शब्द दिला. त्यांनी ग्लास खाली ठेवला, दोन्ही हात गाठोड्यावर दाबून धरले आणि तिच्याकडे वळून बसले.

“आता नीट सांगतो. वैजू, मी जातो.”

चहावाला भोजपुरी माणूस, त्याला काही वाटलं नाही. पण वैजूच्या अंगावर सर्रकन काटा आला. ‘येतो’ म्हटल्यावर ‘या’ म्हणायचं, हे आपल्यात बोबडं बोलणाऱ्या पोरालाही येतं. याच्यावर काय बोलायचं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“आप्पा,” ती म्हणाली, “याला काय म्हणायचं असतं हो?”

आप्पांनी खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, आठवून आठवून.

“मला तरी कुठं ठावं? आपल्यात कुणी बोललंच न्हाई कधी.”

आणि त्यांना हसू फुटलं. ते हसले, ती हसली, बाक हललं, आणि उरलेला अर्धा चहा धोतरावर गेला. धोतर पुसता पुसता वैजू रडायला लागली, आणि रडता रडता तिला त्या पिवळ्या दिव्याच्या पाठीमागचं दिसलं.

“मी पण खोट घातली, आप्पा. तुमच्यामुळं पुण्याला जात नाही म्हणते, ते खरं नाही. मला भीती वाटते तिथली. एकदा घर मांडून मोडून आले, आता नवीन ठिकाणी नवीन माणसांत पुन्हा उभं राहायचं म्हटलं की पाऊल मागं येतं. म्हणून तुमचं नाव पुढं करते.”

“म्हंजी,” आप्पा सावकाश म्हणाले, “मी तुझ्या आड येत न्हाई?”

“नाही. मी तुमच्या आड दडलीय.”

आप्पांच्या चेहऱ्यावर काय झालं ते कसं सांगू? वर्षभर हा माणूस आपण लेकीच्या वाटेतला धोंडा आहोत असं समजून झुरत होता. तो धोंडा बाजूला झाला. त्यांनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि डोक्यावर ठेवल्यावर तो थरथरायचा थांबला नाही, तसाच हलत राहिला, आणि तिचे केस विस्कटले.

मग गोष्टी निघाल्या. आप्पांना जायचं होतं ते पलीकडे नेपाळात, पाल्प्याच्या डोंगरात, ज्ञानरत्न शाक्य नावाच्या त्यांच्या जुन्या दोस्ताकडे. तो देवळांची पितळेची भांडी घडवायचा, त्याच्या अंगणात संध्याकाळी भजन व्हायचं, आणि टाळ चुकला तरी तिथे ओशाळायचं कारण नव्हतं, कारण तिथला ठेकाच निराळा होता. वैजूनं विचारलं, माझ्या वाटेतून हटायचं नसतं, तरी गेला असता का? आप्पा म्हणाले, अर्धं मन तिकडं हाय, अर्धं हितं. कानोबा समोर असता तर पिवळाच लागला असता, आणि त्याचं काही चुकलं नसतं. फक्त गाडीत उचकण्यासारखं काही नव्हतं.

वैजूनं चहावाल्याकडे मोटरसायकल ठेवली, रामसूरतना फोन करून चार दिवसांची रजा सांगितली, गाठोडं आपल्या खांद्याला लावलं आणि बापाचा हात धरून कमानीखालून चालत पलीकडे गेली. दोघं मिळून पाल्प्याला गेली. शाक्यांच्या अंगणात आप्पांची खाट कुठे पडेल, दवाखाना किती लांब आहे, हे सगळं तिनं बघितलं. ठरलं असं, की सहा महिने आप्पा तिकडे, सहा महिने ती पुण्यात, आणि मग ज्याला ज्याची आठवण येईल त्यानं दुसऱ्याकडे यायचं. आठवण दोघांनाही दुसऱ्याच आठवड्यात आली, पण दोघांनी महिनाभर कळ काढली.

सोवनींना तिनं लेखी मत दिलं. त्यात तिनं लिहिलं, की चोर पकडायला हा नाका कामाचा नाही, चोर कधीच शेतातून निघून गेले. पण ज्याचं मन फाटलंय असा माणूस रस्त्यानंच जातो, आणि त्याला कुणीतरी विचारायला हवं. म्हणून पिवळा दिवा लागला तर गाडी उचकू नका. स्टूल द्या, पाणी द्या आणि विचारा. त्या चौदा वर्षांच्या मुलीला झडतीनं वाचवलं नाही, पाण्याच्या पेल्यानं वाचवलं. आणि शेवटी लिहिलं, की ‘येतो’ला दिलेली सूट काढून टाका. आमची माणसं खरी आहेत म्हणून त्यांना विचारू नये, हे बरोबर नाही. खऱ्या माणसालाच जास्त विचारावं लागतं.

गल्लीत याचा गवगवा झाला. भानुदास काका तिला देवळात सगळ्यांदेखत म्हणाले, की पेढे खाऊन आमचीच वाट अडवलीस गं. काकूंनी त्यांना गप्प केलं नाही. वैजूला ते लागलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

दोन वर्षं नाका तिनं सांगितला तसा चालला. किती माणसं त्या स्टुलावर बसून परत फिरली आणि किती पाणी पिऊन पुढे गेली, याची नोंद खात्याच्या कुठल्या रकान्यात बसेना. मग रस्ता चौपदरी झाला आणि नाका निघाला. तो कामाचा होता का, तुम्ही विचाराल. मला विचाराल तर बंदूक आणि दिवा यांच्यापायी तो उभा करण्यात अर्थ नव्हता. पण रस्त्यात एक माणूस उभा राहून दुसऱ्याला मनापासून विचारतो, कुठे निघालात, कधी परत येणार, हे जिथे घडतं ती जागा मला देवळाहून फार वेगळी वाटत नाही.

आप्पा चौथ्या वर्षी कार्तिकात पाल्प्यातच वारले. वैजू आठ दिवस आधी पोचली होती, उशाशी होती. शाक्यांचं सगळं घर जमलं होतं, त्यांनी आपल्या रीतीनं दिवे लावले, आपल्या भाषेत नाम घेतलं. मराठी तिथे वैजू एकटीच. आप्पांच्या कानाशी तिनं विठ्ठलाचा गजर सुरू केला, दोन ओळी म्हटल्या, आणि तिचा आवाज बसला. झील धरायला मागे कुणी नव्हतं. गजर अर्धाच राहिला.

तो आज इथे पुरा करू. टाळ उचला, मायबाप. आणि तोंडानं विठ्ठलाचं नाव घेताना मनात धोंडीराम निकम गलाईवाल्यांची आठवण ठेवा.